मोठा एसत्सेट काढताना त्याचा 'बी' का होतो?

नमस्कार. फॉन्ट बनवताना जर्मनमधल्या एसत्सेटचं (ß), म्हणजे 'बी'चा भाऊ वाटणाऱ्या त्या 'स'चं, कॅपिटल (ẞ) कसं काढायचं? कमेंटमध्ये सारखं हेच विचारलं जातंय, म्हणून आज तेच.

इतिहास झटपट. २००८ साली युनिकोड ५.१मध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, त्याला जागा मिळाली, क्रमांक १ई९ई. २०१७मध्ये ते जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांत आलं. "दोन एस लिहून भागत नाही का?" भागतं, नियमातही बसतं. पण 'मासं' म्हणजे मापं आणि 'मस्सं' म्हणजे वस्तुमान. कॅपिटलमध्ये दोन एस केले की दोन्हींचं स्पेलिंग एकच. आडनावांचं तर बोलायलाच नको.

आता मुद्द्याचं. छोटा एसत्सेट उचलून, दाबून, रुंद करून कॅपिटलच्या उंचीत बसवू नका. समजा कॅपिटलची उंची ७०० युनिट (फॉन्टच्या चौकटीतलं माप), उभा दांडा ९० आणि छोट्या अक्षरांचा दांडा ८०. आडवं ताणलंत तर दांडा जाडतो, आडव्या रेषा आहेत तशाच राहतात. शब्दात ते अक्षर परकं दिसतं. दांडा ९०चाच घ्या, नव्याने काढा.

वरचा डावा कोपरा गोल हवा, तिथे सेरिफ, म्हणजे टोकाची छोटी आडवी रेघ, नको. 'बी'ला तिथे टोक असतं, पहिला फरक तोच. गोलाईला १०-१२ युनिट ओव्हरशूट द्या, म्हणजे ती कॅपिटलच्या उंचीच्या तेवढी वर जाऊ द्या.

खरी गोम वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. ड्रेस्डेन पद्धत नावाच्या, मोठ्या एसत्सेटच्या एका प्रचलित आकारात वरची रेषा उजवीकडे जाऊन टोकदार वळते आणि तिरकी खाली-डावीकडे उतरते. हे टोक गोल केलंत की झाला 'बी'. १० पॉइंटला छापून बघा, लगेच कळेल. आणि कॉन्ट्रास्टवाल्या, म्हणजे जाड-बारीक रेषांच्या, फॉन्टात ही तिरकी रेषा बारीक ठेवा, 'ए'च्या डाव्या पायासारखी. बोरूची चालच तशी. जाड केलीत तर तिथे काळा ठिपका बसतो, टोक बुजतं आणि पुन्हा 'बी'! "टोक फार बोचरं वाटतं" म्हणणाऱ्यांनी एकट्या अक्षराकडे बघू नये. 'श्ट्रासं' हा रस्त्यासाठीचा शब्द सगळा कॅपिटलमध्ये लिहा, मग ठरवा.

खालचं पोट 'एस'सारखं, टोक दांड्यापासून सुटं. ती फट बंद झाली की पुन्हा तेच, 'बी'. फॉन्टच्या जाड रूपात ही फट आधी मरते, म्हणून बोल्डमध्ये अक्षर थोडं रुंद करा.

स्पेसिंग, म्हणजे अक्षराच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा, सोपं: डावी बाजू 'एच'ची, फक्त वर गोलाई असल्यामुळे किंचित कमी. उजवी 'एस'ची.

आणि हो, "फॉन्टात घातलं, तरी ऑल कॅप्स केल्यावर दोन एसच येतात" ही तक्रार. तुमचा आकार चुकलेला नाही. युनिकोडचं ठरलेलं रूपांतर अजूनही दोन एसच आहे. मोठा एसत्सेट थेट टाइप करावा लागतो. स्मॉल कॅप्स, म्हणजे छोट्या अक्षरांच्या उंचीची कॅपिटल्स, देत असाल तर त्याचंही रूप काढा, ते हमखास विसरलं जातं.