पंखा हवा खातो तेव्हा

(दृश्य: गोवा. शापोरा नदी, शिवोलीचा काठ. सकाळ. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आहे.)

होडी ट्रेलरवर उभी आहे आणि मामा तिच्या खाली उताणे पडले आहेत. हातात पाणसळ, कानावर पेन्सिल. अर्धा तास झाला, मशीन अजून सुरूही केलेलं नाही. होडीचा मालक तिशीच्या आतला, दोनदा घड्याळ बघून झालाय. पाणी फिरायच्या वेळेला खारफुटीच्या कडेला पोचलं नाही तर चोणक लागत नाही, ही त्याची घाई. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा.

होडी १६ फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं मशीन. आऊटबोर्ड मोटर हा शब्द कागदोपत्री. काठावर ते नुसतं 'मशीन', आणि प्रोपेलर म्हणजे 'पंखा'. मालकाची तक्रार एकच, होडी पळत नाही. मनात ६०चं मशीन घ्यायचं घोळतंय. मामा खालूनच म्हणतात, "आधी हे ४० तरी पुरतं वापर, बाबा."

(दृश्य: मागच्या फळीवरचे बोल्ट, अगदी जवळून.)

मशीन ज्या कंसाने फळीला धरलेलं असतं त्याला एकाखाली एक भोकं असतात. दोन भोकांत पाऊण इंचाचं अंतर. या होडीचं मशीन सगळ्यात खाली बसवलेलं आहे. ज्याने बसवलं त्याचंही एका अर्थी बरोबर. खाली बसलेल्या मशीनची तक्रार घेऊन कुणी परत येत नाही. होडी चालते, वळते, मशीन पाणी ओढतं. फक्त पंख्याच्या पुढचं, गिअर ज्यात असतात ते जाडजूड धूड गरजेपेक्षा खोल पाण्यातून ओढत न्यावं लागतं, आणि त्यात वेग जातो.

पंख्याच्या वर ही आडवी पट्टी दिसते ना, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव चुकीचंच रुजलंय. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावर पाण्याचा दाब इतका कमी होतो की पाणी गार असूनही तिथल्या तिथे उकळतं. त्या बुडबुड्यांनी पात्याला खड्डे पडतात. या पट्टीचं काम वेगळं. वरची हवा खाली पंख्यात खेचली जाऊ नये, म्हणून ती. हवा शिरली की पात्यांना धरायला पाणी उरत नाही, मशीन किंचाळतं आणि होडी ढिम्म. मामा याला 'पंखा हवा खातो' म्हणतात, आणि मला ते इंग्रजी नावापेक्षा नेमकं वाटतं.

साध्या होडीला ही पट्टी तळाच्या रेषेत असली की सुरुवातीला पुरे. इथे ती तळाच्या दोन इंच खाली निघाली.

(दृश्य: कागदावर होडीच्या तळाचं रेखाटन.)

ही उंचीची कसरत सगळ्यात टोकाला नेली ती अमेरिकेतल्या बास बोटींनी. बास हा तिकडच्या तळ्या-धरणांतला मासा. १९४८ साली लुईझियानातल्या श्रेव्हपोर्टला होम्स थर्मंड यांनी खास या मासेमारीसाठी होडी बांधली. पहिली बास बोट म्हणून तिचंच नाव घेतात. १९६७मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, आणि पुढे स्पर्धांबरोबर हॉर्सपॉवर वाढत गेली. जागेवर आधी पोचेल त्याचा मासा!

या होड्यांचा तळ इंग्रजी व्हीसारखा, पण मागे मधोमध एक अरुंद सपाट पट्टा ठेवलेला. त्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात होडी जवळजवळ तेवढ्या पट्ट्यावरच तरंगते. त्यामुळे मोजायचं ते पॅडपासून. होडी पाणसळीला लावायची, पंख्याचा दांडा पॅडला समांतर करायचा, मग जमिनीपासून पॅड किती आणि दांड्याचा मध्य किती, ते मोजून वजाबाकी. दांडा पॅडच्या तीन-साडेतीन इंच खाली ठेवून सुरुवात करतात आणि पाव-पाव इंचाने मशीन वर घेत जातात. त्यासाठी होडी आणि मशीनच्या मध्ये जॅक प्लेट असते, मशीन थोडं मागे धरून वर-खाली करणारी. मशीन जितकं मागे सरकतं तितकं वर घेता येतं, कारण तळाखालून सुटलेलं पाणी मागे जाता जाता वर उसळतं.

कुठे थांबायचं हे वेग सांगत नाही, पाण्याच्या दाबाचा काटा सांगतो. मशीन थंड ठेवणारं पाणी गिअरच्या धुडावरच्या भोकांतून आत येतं. ती भोकं उघडी पडली की इंजिन तापलंच. म्हणून वेगवान बास बोटींच्या काही मशीनना ही भोकं खाली, नाकाशी दिलेली असतात. आपल्याकडे मशीनच्या मागून उडणारी पिचकारी बघून समाधान मानतात. पिचकारी पंप चालू असल्याचं सांगते, दाब किती ते सांगत नाही. मामांनी आधी दाबाचा काटा बसवला, मगच पान्याला हात लावला.

(दृश्य: होडी पाण्यात. काट्यांवर कॅमेरा.)

आता हिशेब. पंख्यावर १३ पिच लिहिलंय, म्हणजे घसरण नसती तर एका फेऱ्यात १३ इंच पुढे. गिअर २:१ धरला, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक, तर ५१०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ताशी ५० किलोमीटर व्हायला हवेत. जीपीएसवर आले ४२. साधारण १७ टक्के घसरण.

एक भोक वर: ५२५० आरपीएम, ४४ किलोमीटर. आणखी एक: ५४५०, साडेसत्तेचाळीस. मालक हसायला लागला. तिसरं भोक: ५७००, पण वेग ४७. आरपीएम वाढले आणि वेग घटला! वळणावर तर पंख्याने सरळ हवा खाल्ली, दाबाचा काटाही थरथरला. मामांनी काही न बोलता हाताचं बोट खाली केलं. परत दुसऱ्या भोकावर.

उंची ठरेपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही, हा मामांचा दंडक. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

(दृश्य: चार माणसं, बर्फाची पेटी, होडी जड.)

दुपारी खरी परीक्षा. पाहुण्यांसह चौघं बसले आणि आरपीएम ४८०० वर अडकले. या मशीनची थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरची हद्द ५००० ते ६०००; त्याखाली रेटत राहिलं तर इंजिन घाटात वरच्या गिअरला दामटलेल्या गाडीसारखं कुथतं. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. मामांनी ११ पिचचा, चार पात्यांचा पंखा चढवला. तीन पात्यांचा सुसाट जातो खरा, पण चार पात्यांचा मागचा भाग उचलून धरतो आणि वळणावर पाणी सोडत नाही. काटा ५१०० वर आला, होडी झटकन पाण्यावर चढली.

पंखा अॅल्युमिनियमचा. मालकाला स्टीलचा हवा होता. स्टीलचं पातं पातळ, कमी वाकणारं, वेगाला चांगलं. पण या नदीत सुकतीला वाळूचे पट्टे आणि कालवांचे खडक वर येतात. "पातं वाकलं तर वाकू दे," मामा म्हणाले, "गिअर वाचेल."

शेवटची फेरी मुखाकडे. एका हाताला शापोऱ्याचा किल्ला, दुसऱ्या हाताला मोरजीची वाळू, मध्ये लाटा. दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात पंखा पुन्हा उघडा पडला. मालकाने वळून बघितलं, मामांनी एक बोट खाली दाखवलं.

काठावर मशीन एक भोक खाली आलं. रिकाम्या भोकांत सीलंट भरलं, गोड्या पाण्याने मशीन धुऊन झालं. १३चा जुना पंखा गोणपाटात गुंडाळून पुढच्या कप्प्यात गेला. मालक एकटा चोणकाला जाईल त्या दिवशी तोच लावायचा.