मिसरी, हिरड्या आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण

तायांनो, गरोदर बाई तपासणीला आली की आपण वजन घेतो, बीपी मोजतो, हिमोग्लोबिन बघतो. तोंड मात्र उघडायला लावत नाही. तिला विचारा, ‘दात घासताना रक्त येतं का?’ आणि लगेच दुसरं, ‘मिसरी लावता का?’ मिसरीतल्या तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळं हिरडी आतून खराब झालेली असली तरी रक्त फारसं दिसत नाही. ‘नाही येत’ म्हणाली म्हणून सोडून दिलंत तर फसाल. तंबाखूमुळं बाळाचं वजन घटतं, ते वेगळंच.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की हिरड्या फुगतात, लाल होतात. तेवढंच असेल तर बाळंतपणानंतर बहुतेक ओसरतं. पण दातांवर किटण साचलेलं असेल तर हिरडी दातापासून सुटते. दात-हिरडीतली फट ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त झाली की तिथं ब्रश पोचत नाही. तिथले जंतू रक्तात उतरतात. फ्युजोबॅक्टेरियम हा तोंडातला जंतू गर्भजलातही सापडलेला आहे. शिवाय सुजेमुळं प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि कळा आणण्यात त्याच द्रव्याचा हात असतो. म्हणून ३७ आठवड्यांआधीच्या बाळंतपणाशी हिरड्यांचं नातं लावलं जातं.

नातं आहे, पण कुणाला हमी देऊ नका. अमेरिकेत ८२३ गरोदर बायांवर झालेला अभ्यास २००६ साली छापून आला. निम्म्या जणींच्या हिरड्यांवर २१ आठवड्यांच्या आत उपचार केले, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं शंभरात १२ आणि १२.८, म्हणजे जवळपास सारखीच. हिरड्या सुधारल्या, बाळाला अपाय झाला नाही. सूज मुरायच्या आधी, दिवस राहण्यापूर्वीच तोंड साफ हवं, असं काही जाणकार म्हणतात. मलाही तेच पटतं. नव्या सुनेला दातांच्या डॉक्टरकडं न्यायला सासूला पटवणं हे खरं अवघड काम!

किटण काढायला चौथा ते सहावा महिना सोयीचा. किटण काढल्यानं दात हलायला लागत नाहीत. ते आधीच हललेले असतात, किटणानं धरून ठेवलेले. लिग्नोकेनची भूल चालते. टेट्रासायक्लिन हे जंतूंवरचं औषध नको, बाळाच्या दातांवर डाग पडतात. आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी मनानं घेऊ नये, पाचव्या महिन्यानंतर तर नाहीच. दिवस भरत आलेल्या बाईला खुर्चीत सपाट उताणं झोपवू नका. उजव्या कुशीखाली उशी द्या, नाहीतर बीपी उतरून घेरी येते.

उलटी झाली की लगेच ब्रश नको. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासानं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं गणित वेगळं. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते आणि चौथा महिना कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत लागतो. त्यांच्यासाठी महिना मोजत बसू नका, निघायच्या आधीच, दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी तपासणीला आल्या की तोंड बघून घ्या.