मेडिकलच्या आधी

अजिंक्यताऱ्याच्या चढावर पहाटे पळणारी ही पोरं भरतीच्या तयारीला लागलीत. सोळाशे मीटर किती मिनिटांत, छाती फुगवून किती, सगळं तोंडपाठ. अपशिंग्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारी गावं याच सातारा जिल्ह्यातली. मेडिकलला वृषणंही तपासतात, हे इथं सगळ्यांना माहीत असतं. हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठलेलं आहे, एक वृषण खाली उतरलेलंच नाही, हे काहींना तिथंच पहिल्यांदा कळतं. एवढं कसलेलं शरीर, आणि त्यातली ही जागा स्वतः कधी नीट पाहिलेलीच नाही!

वृषणाचा कॅन्सर भारतात विरळा. वर्षाला लाखात एकालाही होत नाही. पण तो गाठतो ते बहुतेक 15 ते 35 या वयात. लहानपणी वृषण उतरलं नव्हतं, किंवा भावाला, वडिलांना हा आजार झाला होता, अशांना धोका जास्त. सुरुवातीला तो सहसा दुखत नाही. वाटाण्याएवढी कडक गाठ, नाहीतर एक बाजू जड. दुखत नाही, म्हणून पोरगा गप्प बसतो.

कोमट पाण्यानं आंघोळ झाली की कातडी सैल पडते. तेव्हा एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघायचं. एक थोडं मोठं, एक थोडं खाली, हे नॉर्मलच. मागं मऊ नळी लागते, ती शुक्राणूंची. तिला घाबरू नका. दर महिन्याच्या तपासणीनं मृत्यू घटतात, असा ठोस पुरावा नाही. पण आपलं नेहमीचं कसं लागतं हे ठाऊक असलं की बदल लवकर ध्यानात येतो. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

गाठ लागली तर मित्राला नाही, डॉक्टरला दाखवा. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीतून पुष्कळ उलगडतं. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. असलीच, तर लवकर सापडलेला हा कॅन्सर जवळजवळ नेहमी बरा होतो. युवराज सिंगच्या छातीतली गाठ याच जातीच्या पेशींची होती. 2012 मध्ये केमो घेऊन त्याच वर्षी तो भारताकडून पुन्हा खेळला. एक वृषण काढलं तरी दुसरं चांगलं असल्यावर लग्न, मूलबाळ सहसा अडत नाही.

मात्र अचानक असह्य कळ आली, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. ते वाचवायला हाताशी साधारण सहा तास असतात. सकाळ होऊ देऊ नका, 108 ला फोन लावा. घरच्यांना पोटात दुखतंय एवढंच सांगितलं तरी चालेल. डॉक्टरला नेमकी जागा सांगा.