सूर्य मावळायच्या आत

बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

आजचं वचन बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातलं आहे. पण सुरुवात मला माझ्या घराच्या रंगकामापासून करावी लागणार आहे, कारण ते वचन मला तिथंच टोचलं.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या तोंडावर आम्ही घराला रंग काढला होता. रंगारी नवरा-बायको दोघंही यायची. तो भिंती घासायचा, ती रंग कालवायची, खालची फरशी पुसायची. २२ डिसेंबरला काम संपलं. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन झाले, रिकामे डबे पायरीवर ओळीनं लागले, तरी दोघं जायचं नाव घेईनात. मी म्हणालो, "आता नाताळ होऊन जाऊ दे, मग निवांत हिशोब करू." तो चाचरत म्हणाला, "साहेब, निम्मे तरी..." तर मी हसून म्हणालो, "अहो, मी काय पळून चाललोय का?"

गेली बिचारी. २५ तारखेला येणारा-जाणारा प्रत्येक जण करंजी खाता खाता आमच्या भिंतींचं कौतुक करत होता, आणि मी ते खुशाल ऐकून घेत होतो. पैसे दिले २९ तारखेला. पूर्ण दिले, एक रुपया कापला नाही. त्यामुळे मनाला काही लागलंच नाही.

लागलं ते पुढं मार्चमध्ये, रोजच्या शास्त्रवाचनात हा अध्याय आला तेव्हा. चौदावी आणि पंधरावी ओवी. मजूर आपल्यातला असो की गावात राहायला आलेला परका, त्याची मजुरी त्याच दिवशी दे, सूर्य मावळायच्या आत दे. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. नाहीतर तो परमेश्वराकडे तुझं गाऱ्हाणं करील आणि ते पाप तुझ्या माथी येईल. जीव अडकलेला! पायरीवर बसलेली ती दोघं डोळ्यांपुढं उभी राहिली. त्यांना किराणा भरायचा होता की मुलाची फी द्यायची होती, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

नीट वाचा, इथं पैसे बुडवण्याची गोष्टच नाही. उशीर करण्याची आहे. बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर मजुरी एक रात्रसुद्धा आपल्याजवळ ठेवू नको असं सांगितलंय, आणि ते शेजाऱ्याला लुबाडू नको या आज्ञेच्या अगदी मांडीला मांडी लावून. आपल्या देशात १९३६ साली वेतन देण्याचा कायदा झाला. हजाराहून कमी कामगार असतील तिथं महिना संपल्यावर सातव्या दिवसापर्यंत पगार द्या, असं त्यानं सांगितलं. या दोन पुस्तकांतल्या मोशेच्या नियमशास्त्रानं रोजंदारीच्या माणसासाठी मुदत दिली ती दिवे लागायच्या वेळेपर्यंत.

येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आपण किती वेळा ऐकलाय! मत्तय, विसावा अध्याय. शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसाचा पूर्ण दिनार मिळाला, म्हणून उपदेश होतो तो कृपेवर, आणि तो व्हायलाच हवा. पण आठव्या ओवीपाशी कुणी फारसं थांबत नाही. संध्याकाळ झाल्यावर मळ्याचा धनी कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. उद्या या, सुट्टे नाहीत, बाई घरात नाहीत, यातलं काही नाही. त्याचा उदारपणा पुढं दिसतो. आधी तो वेळेवर पैसे देणारा माणूस आहे.

आणि अशा आज्ञांना आणखी काय कारण दिलंय? अनुवादाच्या त्याच अध्यायात पुढं दोनदा येतं: तू मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास, याची आठवण ठेव. आता मी नगरकडचा. आमच्या भागातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचे आजे-पणजे गावकीची कामं करणारे. सुगीत खळ्यावर बलुत्यासाठी ताटकळत उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. दोन-तीन पिढ्यांत आपण शिकलो, नोकरीला लागलो, आणि आता पायरीवर दुसऱ्याला बसवून ठेवतो. आपला मिसर देश काही फार लांब नाही हो.

आता थोडं मंडळीबद्दल, म्हणजे आपल्या चर्चबद्दल, थोडं कडू. मंदिर झाडणारा, घंटा वाजवणारा, उपासनेआधी सतरंज्या टाकणारा माणूस. त्याचा पगार किती ठिकाणी दोन-दोन महिने थकतो! विचारलं की उत्तर येतं, "अहो, ही प्रभूची सेवा आहे." सेवा हा शब्द आपण फार सोयीनं वापरतो. लाउडस्पीकरवाल्याला आपण सेवा म्हणत नाही, त्याचं बिल लगेच चुकतं होतं. प्रेषित पौलानं करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरलं, हे उदाहरण लगेच पुढं केलं जातं. पण त्यानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय उघडून पाहा. आधी तो कामकऱ्याचा हक्क पुरता मांडतो, मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको हे नियमशास्त्रातलं वचन काढतो, आणि मग स्वतःचा हक्क स्वतः सोडतो. शेतकऱ्यांना मुसकं ठाऊक आहे. ते बैल आपल्या हातानं बांधून घेत नसतो, मालक बांधतो. पौलानं स्वतः सोडलं, म्हणून मंडळीच्या पंचांनी दुसऱ्याचं अडवावं असं होत नाही.

गेल्या वर्षी त्याच रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. पहिल्याच संध्याकाळी त्या दिवसाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो नोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, काही चुकलं का? उद्यापासून येऊ नको का?"

त्याला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही. "नाही, उद्या लवकर या," एवढंच म्हणालो.

बराय, येतो मी. खाली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे मागच्या आठवड्याचे साठ रुपये राहिलेत, आणि बाहेर ऊन उतरायला लागलंय. सलाम.