जमिनीवर उभं विमान

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत आलात, मागे चहा ठेवलाय तो आधी घ्या, मी काय, बोलतच राहणार. मी मॅनेजमेंटचा प्रोफेसर वगैरे नाही बरं का, आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आयुष्य गेलं माझं, त्यामुळे जे सांगीन ते विमानाच्या पोटाखालून बघितलेलं. अन् सांगायचं एवढंच, की एअरलाइनने आपली माणसं सांभाळली तर धंद्याचाच फायदा होतो.

तर पहिली गोष्ट. विमान जमिनीवर उभं असलं की हप्ता चालू, पार्किंगचं भाडं चालू, अन् कमाई शून्य. म्हणून उतरल्यापासून परत उडेपर्यंतचा जो वेळ, ज्याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो, त्यातच सगळा खेळ आहे. साधारण अर्धा तास मिळतो, तेवढ्यात दीड-पावणेदोनशे लोक उतरवा, बॅगा काढा, नव्या भरा, केबिन झाडा, इंधन घ्या, वजनाचा कागद करा. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत 45 डिग्री, अन् तिथे सावली कुठली राजेहो! त्यात होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, गुडघ्यावर बसून बॅगा लावणारा पोरगा असतो ना, त्याच्या मनात असलं तर काम 25 मिनिटांत होतं, मनात नसलं तर 40, अन् नियम त्याने दोन्ही वेळा पाळलेलाच असतो. मेमो देणार कशाचा?

अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइनला हे 1972 मध्येच कळलं. विमानं चार, पैसे संपत आलेले, एक विमान विकावं लागलं. मग उरलेल्या तिनांवर चारांचं टाइमटेबल चालवायचं ठरलं, त्यासाठी प्रत्येक विमान 10 मिनिटांत परत हवेत. 10 मिनिटं! आमच्याकडे तेवढ्यात शिडी लागायची. पण त्यांनी केलं, अन् 1973 पासून कंपनीने नफ्यातला वाटा स्टाफला द्यायला सुरुवात केली. 2019 पर्यंत सलग 47 वर्षं ही कंपनी नफ्यात होती, एअरलाइनच्या धंद्यात, जिथे भलेभले बुडाले. आता लगेच त्यांची आरती करू नका, 2022 च्या नाताळात याच कंपनीची 16 हजारांवर उड्डाणं रद्द झाली, क्रूच्या ड्युट्या लावणारी सिस्टिम जुनाट होती, अन् पायलटांची युनियन ते कित्येक वर्षं सांगत होती. ऐकलं कोणी?

मला जास्त आवडतो तो कॉन्टिनेंटल या अमेरिकेतल्याच एअरलाइनचा किस्सा. 1995 साल, वेळ पाळण्यात कंपनी तळाला. लेट फ्लाइटमुळे प्रवाशांना दुसऱ्या कंपन्यांच्या विमानात बसवून द्यायचं, हॉटेल द्यायचं, यात महिन्याला 50 लाख डॉलरच्या आसपास जात होते. गॉर्डन बेथून म्हणून प्रमुख होते, ते म्हणाले, ज्या महिन्यात आपण वेळेच्या बाबतीत पहिल्या पाचांत येऊ त्या महिन्यात प्रत्येकाला 65 डॉलर. अन् ते पगारात मिसळून नाही दिले, वेगळा चेक दिला, घरी बायकोला दाखवता येईल असा. खर्च आला साधारण 25 लाख डॉलर, म्हणजे लेट होण्यात जात होता त्याच्या निम्मा, आणि काही महिन्यांतच कंपनी वरच्या नंबरात. विमानं तीच, माणसंही बहुतेक तीच.

पायलटांचं वेगळं असतं, तिथे पैशापेक्षा झोप मोठी. इंडिगोचं डिसेंबर 2025 आठवतंय ना, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर आपल्या इथेही लोक बॅगा घेऊन ताटकळत बसले होते. नवीन नियमात पायलटची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. नियम जाहीर झाले होते जानेवारी 2024 मध्ये, पण माणसं तेवढी ठेवलीच नव्हती, रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, इतकं ताणलेलं की 12 तासांची झोप वाढवली तर एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द! अन् शिव्या कोणी खाल्ल्या, काउंटरवरच्या पोरींनी, ज्यांनी रोस्टर कधी पाहिलंही नसेल. दोन-चार जास्तीचे पायलट स्टँडबायला बसवणं हिशेबात उधळपट्टी दिसते, पण स्टेपनीला कोणी उधळपट्टी म्हणतं का?

काय म्हणालात? तिकीट महागेल? थोडंफार महागेलही, मी नाही म्हणत नाही. पण माणसं सांभाळली की काय परत मिळतं, ते 1982 ला डेल्टा या अमेरिकन एअरलाइनचं काय झालं त्यावरून ऐका. वाईट काळातही कंपनीने माणसं सांभाळली, पगार वाढवला, तर स्टाफनेच आपल्या पगारातून पैसे जमवून कंपनीला पहिलं बोइंग 767 घेऊन दिलं, 3 कोटी डॉलरचं. 2006 पर्यंत उडालं ते, आता अटलांटात म्युझियममध्ये ठेवलंय.

रिटायर व्हायच्या आधी मी त्याचा फोटो आमच्या एका लोडर पोराला दाखवला होता. पाहून म्हणतो, "काका, विमान राहू द्या, आमच्या रेस्टरूममधला कूलर तं सुरू करायले सांगा ना कंपनीले."