बातमी संपते तिथून

(दृश्य : रात्र. काळोखात दूरवर पेट्रोल पंपाचे दिवे. पाण्याचा आवाज.)

पाकिस्तानातल्या पंजाबमधलं गुजरांवाला. रात्रीच्या काळोखात एक मुलगी काठावरची झुडपं धरून पाण्यातून बाहेर येते. वय अठरा-एकोणीस. तिचं नाव सबा. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं, त्याला काही तासच झाले होते. वडील आणि एक नातेवाईक सासरी आले आणि कुराणाची शपथ घेऊन म्हणाले, हिच्या केसालाही धक्का लागणार नाही. मग तिला घेऊन गेले, मारहाण केली, गोळी झाडली. तिनं ऐन वेळी मान फिरवली आणि गोळी गाल फाडून गेली. मेली असं समजून त्यांनी तिला पोत्यात भरलं आणि पाण्यात टाकलं.

बातमी इथवरच असते. चार ओळी, आतल्या पानावर. पाकिस्तानी दिग्दर्शिका शर्मीन ओबैद-चिनॉय यांचा 'अ गर्ल इन द रिव्हर' हा चाळीस मिनिटांचा माहितीपट मात्र इथून पुढे चालू लागतो.

(दृश्य : गल्ली. दारापुढे मांडलेल्या खाटा. चहाचे कप.)

सबा वाचली. वडील तुरुंगात गेले. कॅमेऱ्यासमोर बसून ते शांतपणे सांगतात की केलं ते बरोबरच केलं, घराची इज्जत राखली. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप औषधालाही नाही. पण मला या फिल्ममध्ये सगळ्यात जड गेला तो पुढचा भाग. मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी जमतात. कुणी आवाज चढवत नाही, कुणी धमकी देत नाही. एकाच गल्लीत राहायचं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर कशाला, असं समजुतीच्या सुरात बोलणं चालू असतं. शेवटी सासरचे मान तुकवतात आणि सबा न्यायालयात माफी देते. तोंडानं दिली, मनानं नाही, हे तिच्याकडे बघूनच कळतं. वडील सुटून घरी येतात.

तेव्हाच्या कायद्यात हे बसत होतं. पाकिस्तानात खुनाच्या गुन्ह्यात मृताचे वारस आरोपीला माफ करू शकतात; सबासारखी वाचलेली व्यक्ती स्वतः माफ करू शकते. पण मारणारा घरातला आणि मरणारीही घरातलीच असेल, तर माफी कोण कुणाला देणार? मुलीला भावानं मारायचं आणि आईबापांनी भावाला माफ करायचं, म्हणजे हिशेब घरातल्या घरात मिटला.

फेब्रुवारी 2016 मध्ये ऑस्करच्या थोडं आधी ही फिल्म तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या निवासस्थानी दाखवली गेली आणि त्यांनी कायदा बदलण्याचं जाहीर आश्वासन दिलं. ऑस्करही मिळालं. जुलैमध्ये कंदील बलोच या समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध तरुणीचा तिच्या भावानंच खून केला आणि देश हादरला. ऑक्टोबरमध्ये संसदेनं कायदा मंजूर केला : इज्जतीच्या नावावर खून केला, तर घरच्यांच्या माफीनं फाशी टळेल, जन्मठेप टळणार नाही.

तरीही फेब्रुवारी 2022 मध्ये कंदीलचा भाऊ उच्च न्यायालयातून सुटला. आईवडिलांनी माफी दिली होती.

हे कळल्यावर मी फिल्म पुन्हा पाहिली. त्या खाटांवरचं बोलणं आता आणखी स्पष्ट ऐकू आलं.

शर्मीन यांनी पुढे ट्रकवर पडदा बांधून गावोगावी फिल्म दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबू सिनेमाची आठवण येते. ज्या गल्लीत माफी ठरते, तिथेच पडदा लावायचा. मला हे ऑस्करपेक्षाही मोलाचं वाटतं.

(दृश्य : बांगलादेशचा समुद्रकिनारा. भरतीचा आवाज.)

शेजारच्या देशांतल्या आणखीही काही छोट्या फिल्म अशाच मनात राहिल्या. बांगलादेशच्या अदनान अल राजीव यांची 'अली' अवघ्या पंधरा मिनिटांची आहे. किनाऱ्यावरच्या एका गावात बायकांनी गायचं नाही, असा दंडक. अली हा किशोरवयीन मुलगा गाण्याच्या स्पर्धेत उतरतो आणि त्याच्या गळ्यात बाईचा आवाज आहे. 2025 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या लघुपटाचा विशेष उल्लेख झाला. त्याआधी 2022 मध्ये तोच मान नेपाळच्या अविनाश विक्रम शाह यांच्या 'लोरी'ला मिळाला होता. त्यात एक आई लेकीला अंगाईतून सासरच्या सुखाची स्वप्नं सांगते. स्वतः मात्र बालवधू म्हणून काय काय सोसलं, ते तिच्या मनातून जात नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगायला नको.

(दृश्य : डोंगरातलं गाव. बंद दारं. धूर नाही.)

आणि हे नेपाळच्या कर्णाली भागातलं जुमला. पूजा गुरुंग आणि विभूषण बस्नेत यांची 'दाद्या' इथे घडते. लांबी सतरा मिनिटं. गाव रिकामं होत चाललंय. उरलेलं एक म्हातारं जोडपं लाकडाच्या माणसाएवढ्या बाहुल्या कोरतं आणि निघून गेलेल्यांच्या जागी ठेवतं. मग एक जिवाभावाचा माणूस निरोपही न घेता गाव सोडतो. आता या लाकडी शेजाऱ्यांत राहायचं की आपणही उठायचं? गावात बोलायला कुणी उरलेलं नाही, त्यामुळे फिल्ममध्येही संवाद फार थोडे आहेत. छिन्नीचा आवाज तेवढा येत राहतो.

हे गाव सोडून माणसं जातात कुठे? काही आखाती देशांत, काही मलेशियात. आणि पश्चिम नेपाळातली कितीतरी आपल्याकडे येतात, कारण भारतात यायला त्यांना व्हिसा लागत नाही.

(दृश्य : पुण्यातली एक सोसायटी. पहाटेचे तीन.)

आमच्या गेटवर रात्रपाळीला असलेले दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) पश्चिम नेपाळचेच. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं 'बहादूर' म्हणत आलो. 'दाद्या' पाहिल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना नाव विचारलं, गावही विचारलं. त्यांनी मोबाईल पुढे केला. दगडी भिंत, लाकडी जिना, ओसरीवर मक्याची कणसं टांगलेली. घरी कोण असतं, मी विचारलं.

"आई," ते म्हणाले. मग फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी दार दाखवलं. दाराशी कुणीतरी बसलं होतं.