पिस्तुलाच्या आधी

[दृश्य: जुना बातमीपट. एका तरुणाच्या हातात गाडीच्या बॉनेटवरचं चिन्ह.]

ऑक्टोबर १९९५. इस्रायलच्या टीव्हीवर एकोणीस वर्षांचा एक मुलगा हातातली वस्तू कॅमेऱ्यापुढे धरतो. पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या कॅडिलॅकवरून उखडलेलं चिन्ह आहे ते. मुलगा म्हणतो, जसे या चिन्हापर्यंत पोचलो, तसे राबिनपर्यंतही पोचू. त्याचं नाव इतामार बेन-ग्विर.

त्या दिवसांत एक शब्द कानोकानी फिरत होता : 'रोदेफ'. म्हणजे पाठलाग करणारा. कुणी एखाद्याचा जीव घ्यायला मागे लागला असेल आणि दुसरा उपायच उरला नसेल, तर त्या मागे लागणाऱ्याला मारूनही समोरच्याला वाचवावं, असं यहुदी धर्मशास्त्र सांगतं. नियम जीव वाचवण्यासाठीचा. पण १९९३ साली राबिन यांनी पॅलेस्टिनींशी ऑस्लो शांतता करार केला. पुढे बसमध्ये बॉम्ब फुटू लागले. लोकांची भीती खरी होती, हे विसरून चालणार नाही. त्या भीतीच्या काळात काही धर्मपंडित, हा करार यहुद्यांचा जीव धोक्यात घालतो असं म्हणत, हाच शब्द पंतप्रधानांना लावू लागले. जेरुसलेमच्या झायन चौकातल्या सभेत राबिन यांना नाझी एसएसच्या गणवेशात दाखवणारी चित्रं फडकली. ज्या समाजाने तो गणवेश प्रत्यक्ष भोगला, त्याच समाजातले हात ती चित्रं धरून उभे होते.

[दृश्य: तेल अविव, रात्र. चौकालगतचा जिना.]

४ नोव्हेंबर १९९५, शनिवार. शांतता मेळावा संपला. राबिन जिना उतरून गाडीकडे निघाले. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट नव्हतं. यिगाल अमीर या कायद्याच्या विद्यार्थ्याने मागून गोळ्या झाडल्या. राबिन यांच्या कोटाच्या खिशात नुकत्याच गायलेल्या शांतीगीताचा कागद होता, घडी घातलेला. दोन दिवसांनी अंत्यविधीत त्यांचे सहकारी एतान हाबेर यांनी तोच कागद उलगडून वाचला. ओळींवर रक्ताचा डाग पसरला होता.

अमीर पुढे कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्याने आपल्या कृत्याला आधार म्हणून तोच शब्द पुढे केला. रोदेफ.

"यहुदी यहुद्याला मारेल?" लोक विचारत राहिले. पण उत्तर त्यांच्याच पंचांगात होतं. बॅबिलोनने जेरुसलेम उद्ध्वस्त केल्यावर उरलेल्या लोकांचा कारभार गदल्याकडे आला. इश्माएल जिवावर उठलाय, अशी सूचना त्याला मिळाली होती. त्याने विश्वास ठेवला नाही. इश्माएलने, आपल्याच माणसाने, त्याला मारलं. या घटनेसाठी श्रद्धाळू यहुदी आजही नववर्षानंतर उपास करतात.

[दृश्य: ओफ्रा. डोंगरमाथ्यावरची घरं.]

मला या सगळ्या कहाणीत एका माणसापाशी थांबावंसं वाटतं. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, योएल बिन-नून. १९६७ च्या युद्धातले छत्रीधारी सैनिक, पॅलेस्टिनी भागात यहुदी वसाहती उभारणाऱ्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, राहायला ओफ्रा या वसाहतीत. ऑस्लो त्यांना मान्य नव्हता. तरी ते राबिन यांना पत्रं लिहीत, भेटत, वाद घालत. खून झाल्यावर त्यांनी आपल्याच गोटाकडे बोट दाखवलं : ज्या रब्बींनी 'रोदेफ'ची भाषा केली, त्यांनी पदं सोडावीत. त्यांना धमक्या आल्या. पुढे त्यांनी ओफ्रा सोडलं. विरोधकाला जाब विचारायला फार काही लागत नाही. ज्यांच्या शेजारी बसून प्रार्थना करायची, त्यांना विचारायला छाती लागते.

[दृश्य: तालमूदचं पान, ओळीवरून सरकणारं बोट.]

वाद घालणं या समाजाला नवं नाही. त्यांचं शिक्षणच वादातून होतं. तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो, हिल्लेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांचा वाद तीन वर्षं चालला. मग आकाशवाणी झाली : दोन्ही जिवंत देवाचेच शब्द, पण नियम हिल्लेलच्या घराण्याचा. का? कारण ते सौम्य होते. समोरच्याचं मतही शिकवत, आणि आपल्या मताच्या आधी सांगत.

राबिन यांच्या खुनानंतर काही वर्षांनी दोन माणसं अशीच समोरासमोर बसली. रूथ गॅव्हिसन, कायद्याच्या प्राध्यापक, धर्म न पाळणाऱ्या. याकोव्ह मेदान, रब्बी. धर्म पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या यहुद्यांनी एकत्र कसं राहावं, यावरचा त्यांचा करारनामा २००३ साली पूर्ण झाला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी कारखाने आणि दुकानं बंद, पण उपाहारगृहं आणि करमणुकीची ठिकाणं उघडी, मोजक्या बस चालू. दोघांनीही मनातलं काहीतरी सोडलं होतं. संसदेने त्याचा कायदा केला नाही.

आणि ते चिन्ह हातात धरणारा मुलगा डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा मंत्री झाला.

[दृश्य: करारनाम्याची पानं, एकामागून एक.]

गॅव्हिसन २०२० साली गेल्या. करारनाम्यात शब्बाथच्या कलमांसोबत त्यांचं स्पष्टीकरण आहे, आणि त्याला लागूनच मेदान यांचं.